एचआयव्ही आहे म्हणून सरकारने त्याला ६४ दिवस कोंडलं, पण खरा धोका त्याच्याच जिवाला होता

२००५ साली 'माय ब्रदर निखिल' नावाचा सिनेमा आला होता. दिग्दर्शक ओनीर, आणि पडद्यावर संजय सूरी आणि जुही चावला. गोव्यातला एक जलतरणपटू, त्याला एचआयव्हीची लागण होते, पोलीस त्याला उचलतात आणि एका खोलीत कोंडून टाकतात. सिनेमा बघताना अनेकांना वाटलं की हे जरा जास्तच फिल्मी झालं. आजार झाला म्हणून कुणी माणसाला अटक करतं का?

तर करतं. गोव्यात हे खरंच घडलं होतं. ज्याच्या आयुष्यावरून हा सिनेमा सुचला, त्या माणसाचं नाव डॉमिनिक डिसोझा.

डॉमिनिक म्हापशाजवळच्या पर्रा गावचा. विशीतला, उत्साही, चार लोकांत रमणारा पोरगा. नाटकाचं वेड होतं. पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी होती. घरी आई, लुसी डिसोझा. आणखी एक सवय होती. तो नेमाने रक्तदान करायचा. या चांगल्या सवयीमुळेच पुढचं सगळं घडलं.

दान केलेल्या रक्ताची तपासणी झाली आणि त्यात एचआयव्ही सापडला.

रजिस्टरमध्ये वाचलेलं निदान

आज कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आधी समुपदेशक बोलतो. दार लावून, शांतपणे, याचा अर्थ काय आणि पुढे काय करायचं हे समजावतो. डॉमिनिकच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही.

१९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस त्याच्या दारात आले. कशासाठी, ते सांगितलं नाही. त्याला म्हापशाच्या पोलीस ठाण्यात नेलं, तिथून रुग्णालयात. तिथल्या रजिस्टरमध्ये आपल्या नावाची नोंद आणि एड्स हा शब्द त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. आपल्याला काय झालंय, हे त्याला असं कळलं.

त्यानंतर त्याला घरी जाऊ दिलं नाही. क्षयरोग्यांसाठी, म्हणजे टीबीच्या पेशंटसाठी बांधलेल्या एका जुन्या सॅनेटोरियममध्ये त्याला ठेवलं. बाहेर पहारा. ना खटला, ना शिक्षेची मुदत. किती दिवस, याचंही उत्तर कुणाकडे नव्हतं, कारण ज्या आजारासाठी त्याला कोंडलं होतं तो तेव्हा बरा होत नव्हता आणि आजही पूर्ण बरा होत नाही.

हे बेकायदा झालं होतं का? नाही, आणि यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग तोच आहे. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५ सालचा. त्यात पुढे एड्ससाठी खास तरतूद घालण्यात आली. एचआयव्ही सापडलेल्या माणसाला वेगळं ठेवण्याचा अधिकार त्या तरतुदीने सरकारला दिला. गोवा राज्य होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. पोलिसांनी जे केलं ते कायद्याचं पुस्तक हातात धरूनच केलं.

भीती कुठून आली होती?

त्या काळचं वातावरण समजून घ्यायला हवं.

जून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधून पाच तरुणांची माहिती प्रसिद्ध झाली. पाचही जणांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. धडधाकट माणसाला हा न्यूमोनिया सहसा होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती पार ढासळली असेल तरच होतो. मग या तरुणांची प्रतिकारशक्ती ढासळली कशाने? या प्रश्नाचा माग काढत १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ एका विषाणूपर्यंत पोहोचले. तोच पुढे एचआयव्ही म्हणून ओळखला गेला.

भारतात १९८६ मध्ये पहिली लागण सापडली ती मद्रासला. मायक्रोबायॉलॉजीच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासून हे दाखवून दिलं. डॉ. सुनीती माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. हा परदेशातला आजार आहे, आपल्याकडे येणार नाही, असं मानणाऱ्यांची झोप त्या निकालाने उडाली.

१९८९ पर्यंत डॉक्टरांना एवढं पक्कं माहीत होतं की एचआयव्ही असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून आणि सुईतून, आणि आईकडून बाळाला होतो. खोकल्याने नाही, शिंकेने नाही, हात मिळवल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, डास चावल्यानेही नाही. हे विज्ञान उपलब्ध होतं. कायद्यात मात्र ते उतरलं नव्हतं.

उलटा समजलेला धोका

आता त्या सॅनेटोरियमकडे परत येऊ, कारण सगळी चूक त्या एका इमारतीत दिसते.

टीबीच्या पेशंटला वेगळं ठेवण्यामागे एक तर्क होता. टीबी हवेतून पसरतो. पेशंट खोकला की जंतू हवेत जातात आणि त्याच खोलीतला दुसरा माणूस ते श्वासातून आत घेतो. औषधं नव्हती त्या काळात पेशंटला गावाबाहेर, मोकळ्या हवेत ठेवणं हा एक उपाय मानला जायचा. तोच तर्क कायद्याने एचआयव्हीला लावला. पण एचआयव्ही हवेतून जात नाही. डॉमिनिक गावात फिरला असता, नाटकाच्या तालमीला गेला असता, शेजाऱ्याकडे जेवला असता, तरी कुणालाही काही झालं नसतं.

उलट धोका होता तो त्याला, लोकांकडून.

एचआयव्ही स्वतः थेट माणसाला क्वचित मारतो. तो रक्तातल्या सीडी४ नावाच्या पेशींवर हल्ला करतो. या पेशी म्हणजे शरीराच्या फौजेतले हवालदार. शत्रू दिसला की बाकीच्या फौजेला हाक मारायचं काम त्यांचं. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही वर्षानुवर्षं त्या खात राहतो. ही संख्या २०० च्या खाली गेली किंवा काही ठरावीक गंभीर आजार झाले की त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

हवालदार कमी झाले की गल्लीतले भुरटेही दादा होतात. आपल्या आसपास, अगदी आपल्या अंगातही असे कितीतरी जंतू असतात जे एरवी काही बिघडवत नाहीत. प्रतिकारशक्ती पडली की ते संधी साधतात. म्हणून त्यांना संधिसाधू संसर्ग म्हणतात. एड्सने माणूस गेला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो अशाच एखाद्या संसर्गाने गेलेला असतो. लॉस एंजेलिसच्या त्या पाच तरुणांचा न्यूमोनिया हाही असाच एक संधिसाधू संसर्ग होता.

भारतात या यादीत पहिलं नाव टीबीचं आहे. आपल्याकडे खूप लोकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात. त्यांना काहीच त्रास नसतो. एचआयव्ही नसेल तर अशा माणसाला पूर्ण आयुष्यात टीबी होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के धरतात. एचआयव्ही असेल आणि उपचार नसतील तर जवळपास तेवढीच शक्यता एकेका वर्षाला असते. शिवाय टीबी सीडी४ फार खाली जाण्याची वाटही बघत नाही, तो कधीही उठू शकतो.

म्हणजे बघा. एचआयव्ही सापडलेल्या तरुणाला टीबीपासून जपायला हवं होतं. सरकारने त्याला नेऊन ठेवलं टीबीच्या सॅनेटोरियममध्ये. त्याला गरज होती डॉक्टरची, सकस जेवणाची, तपासण्यांची आणि आपल्या माणसांची. मिळाला पहारा.

आई कोर्टात गेली

लुसी डिसोझा गप्प बसल्या नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात याचिका दाखल झाली. मुंबईहून लॉयर्स कलेक्टिव्हचे वकील आनंद ग्रोव्हर उभे राहिले. या देशातला एचआयव्ही आणि माणसाचे हक्क यावरचा हा अगदी सुरुवातीचा खटला.

मुद्दा सरळ होता. माणसाला कोंडल्याने हा आजार थांबत नाही, कारण तो सहवासातून पसरतच नाही. उलट तपासणी केली तर आपल्यालाही उचलून नेतील या भीतीने लोक तपासणीच करणार नाहीत. ज्यांना लागण आहे ते लपून राहतील, उपचाराला येणार नाहीत, आणि आजार आतल्या आत पसरत राहील. शिवाय घटनेने दिलेल्या समानतेच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचं काय?

६४ दिवसांनी डॉमिनिक त्या इमारतीतून बाहेर आला आणि घरी परतला.

पण हा सिनेमातला विजय नव्हता. अंतिम निकालात न्यायालयाने सरकारचा वेगळं ठेवण्याचा अधिकार रद्द केला नाही. एका माणसाचा हक्क आणि समाजाचं हित यांच्यात ओढाताण झाली तर समाजाचं हित वरचढ, असा त्या निकालाचा सूर राहिला. दरम्यान कायद्यातली सक्ती मात्र सैल झाली. कोंडणं बंधनकारक राहिलं नाही, सरकारच्या मर्जीवर आलं. डॉमिनिक सुटला, तरतूद शिल्लक राहिली.

घरी आला, पण आयुष्य तेच राहिलं नाही

गावात, पेपरात, सगळीकडे नाव झालं होतं. त्या काळात एचआयव्ही असलेला माणूस म्हणून देशात स्वतःच्या नावानिशी ओळखल्या गेलेल्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक. ही ओळख त्याने निवडलेली नव्हती, ती त्याच्यावर लादली गेली होती. नोकरी गेली. लोकांच्या नजरा बदलल्या.

इथे बहुतेक माणसं दूर कुठेतरी निघून जातात, आणि त्यात काही चूक नाही. डॉमिनिकने वेगळं केलं. नाव उघड झालंच आहे तर ते कामाला लावू, असं त्याने ठरवलं. तो बोलायला लागला. एचआयव्ही म्हणजे काय, तो कसा होतो, कसा होत नाही आणि लागण झालेल्या माणसाशी कसं वागावं, हे लोकांना सांगायला लागला. त्याच्यासोबत त्याचे मित्र होते. गोव्यातल्या नाट्यकर्मी आणि लेखिका इझाबेल द सांता रिता वाझ यांची त्यात मोठी साथ होती.

१९९२ साली त्यातून 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी राहिली. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांसाठी गोव्यात काम करणारी ही सुरुवातीची संस्था. समुपदेशन, माहिती, आधार. डॉमिनिकला स्वतःला निदानाच्या दिवशी जे मिळालं नव्हतं, नेमकं तेच.

पण त्याच्याकडे वेळ नव्हता. १९८७ मध्ये अमेरिकेत एझेडटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध मंजूर झालं होतं, पण ते महाग होतं, भारतात सहज मिळणारं नव्हतं, आणि एकट्याने फार काळ पुरतही नव्हतं. तीन औषधं एकत्र देऊन विषाणूला दाबून ठेवण्याची पद्धत आली १९९६ मध्ये. संस्था उभी राहिली त्याच वर्षी, मे १९९२ मध्ये, एड्सशी संबंधित आजाराने डॉमिनिक गेला. जेमतेम तिशी ओलांडली होती. चार वर्षं आणखी मिळाली असती तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

त्याच्यानंतर काय बदललं?

१९९७ मध्ये त्याच मुंबई उच्च न्यायालयासमोर आणखी एक खटला आला. एचआयव्ही असल्यामुळे एका माणसाला काम नाकारलं गेलं होतं. काम करायला तो सक्षम असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला डावलता येणार नाही, असा निकाल लागला. त्या खटल्याच्या कागदपत्रांत अर्जदाराचं खरं नाव आलंच नाही, त्याला फक्त दोन अक्षरांनी ओळखलं गेलं. जी गुप्तता डॉमिनिकला मिळाली नाही ती आठ वर्षांनी दुसऱ्या कुणाला मिळाली.

२००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा मिळून वर्षाचा खर्च सुमारे ३५० डॉलरवर आणण्याची तयारी दाखवली. तोवर श्रीमंत देशांत त्यासाठी वर्षाला दहा हजार डॉलर आणि त्याहून जास्त लागत होते. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून धोरण आणखी सुटसुटीत झालं. सीडी४ किती आहे याची वाट न बघता, निदान झालं की औषध सुरू.

आणि २०१७ मध्येच संसदेने एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी नाही, माहिती फोडायची नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव नाही, आणि लागण आहे म्हणून वेगळं कोंडणं हाही भेदभावच. या कायद्याचा मूळ मसुदा तयार करण्यात लॉयर्स कलेक्टिव्हचा मोठा वाटा होता. पणजीत लुसी डिसोझांसाठी उभी राहिलेली तीच संस्था.

आज कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर?

समजा आज सोलापुरातल्या एखाद्या यंत्रमाग कामगाराचा किंवा ट्रक ड्रायव्हरचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दारात पोलीस येणार नाहीत. त्याला सिव्हिलच्या एआरटी केंद्रात पाठवतील. एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं. पण औषध हातात देण्याआधी तिथे काही प्रश्न विचारले जातात, आणि ते नीट समजून घेणं जिवाशी निगडित आहे.

पहिले चार प्रश्न टीबीचे. खोकला आहे का? ताप येतो का? वजन घटलंय का? रात्री घामाने अंथरूण भिजतं का? यातलं एकही असेल तर थुंकीची तपासणी आणि एक्स-रे. काहीच नसेल तर टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिडसारखी प्रतिबंधक गोळी देतात.

दुसरं, सीडी४ ची तपासणी. अनेकांना लागण होऊन वर्षं उलटलेली असतात आणि निदान मात्र आत्ता होतं. त्यामुळे पहिल्याच तपासणीत सीडी४ २०० च्या खाली निघणं नवीन नाही. अशा पेशंटसाठी सुरुवातीचे काही महिने सगळ्यात नाजूक असतात.

तिसरं, बाकीची लक्षणं. तोंडात किंवा जिभेवर पांढरे चट्टे आणि गिळताना दुखणं, ही कॅन्डिडा नावाच्या बुरशीची खूण असू शकते. न थांबणारी डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं, हा क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला झालेला संसर्ग असू शकतो. चालताना धाप लागणं आणि कोरडा खोकला, हा लॉस एंजेलिसवाला न्यूमोनिया असू शकतो. फिट येणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, हा टॉक्सोप्लाझ्मा असू शकतो. नजर अंधूक होणं किंवा डोळ्यापुढे ठिपके दिसणं, हा डोळ्याच्या पडद्याचा संसर्ग असू शकतो. यातलं काहीही लपवायचं नाही.

सीडी४ कमी असेल तर को-ट्रायमॉक्साझोल नावाची एक जुनी, स्वस्त गोळी रोज घ्यायला सांगतात. लोकांना वाटतं ही कशाला? पण ती न्यूमोनिया आणि टॉक्सोप्लाझ्मा या दोन्हींपासून राखण करते.

आता तुम्ही म्हणाल, एचआयव्हीचं औषध आहे तर आधी बाकीचं शोधत कशाला बसायचं? त्याचं कारण असं. एआरटी सुरू झाली की प्रतिकारशक्ती पुन्हा जागी होते. अंगात टीबी किंवा मेंदूचा संसर्ग लपलेला असेल तर जागी झालेली फौज त्याच्यावर एकदम तुटून पडते, सूज वाढते आणि औषध सुरू केल्यावरच पेशंट जास्त आजारी दिसायला लागतो. घरच्यांना वाटतं औषध बाधलं, आणि गोळ्या बंद होतात. म्हणून टीबी सापडला तर आधी टीबीचं औषध, मग काही दिवसांत एआरटी. मेंदूच्या आवरणाचा संसर्ग असेल तर थोडं आणखी थांबावं लागतं. किती थांबायचं हे डॉक्टर ठरवतात. गोळ्या मनाने थांबवायच्या नाहीत.

हे सगळं वेळेत झालं तर एचआयव्ही असलेला माणूस इतरांइतकंच जगतो, काम करतो, संसार करतो. औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही आता सिद्ध झालं आहे.

सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपुरात, मंगलताई शहा यांनी उभी केलेली 'पालवी' आहे. एचआयव्हीसह जन्मलेली, घरच्यांनी दूर केलेली मुलं तिथे वाढतात आणि शाळा शिकतात. कायदा बदलला तरी घरातली आणि गल्लीतली भीती अजून पूर्ण गेलेली नाही, हे अशा संस्थांची गरज अजून संपलेली नाही यावरूनच कळतं.

आज कुणी पोलीस पाठवून कोंडत नाही. पण वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळी खोली आजही काही घरांत दिसते. त्या भीतीपायी माणूस तपासणी टाळतो, खोकला लपवतो, आणि शेवटी दवाखान्यात पोहोचतो तेव्हा सीडी४ पन्नासच्या आसपास आलेला असतो. डॉमिनिकच्या आईने कोर्टात मांडलेला मुद्दा नेमका हाच होता.

तपासणी, औषधं किंवा नुसता सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन १०९७ वर फोन करता येतो. फोन मोफत आहे आणि माहिती गुप्त राहते. 'पॉझिटिव्ह पीपल'चं कामही डॉमिनिकच्या माघारी गोव्यात सुरू राहिलं.